मुखपृष्ठाचा हक्क: पांढुर्णा-सौंसरच्या लेखक-मुद्रकांसाठी प्रस्तावना

पांढुर्णा आणि सौंसर इथे निघणाऱ्या मराठी पुस्तकाचे मुखपृष्ठ आता पुष्कळदा लेखकाच्या मोबाइलवर किंवा डीटीपीच्या दुकानातल्या संगणकावर तयार होते. कॅनव्हासारखे एखादे ऑनलाइन साधन उघडायचे, पुस्तकाचा आकार निवडायचा, समोर आलेल्या तयार नमुन्यांतला एक उचलायचा, त्यावरचे इंग्रजी नाव पुसून आपले मराठी नाव घालायचे आणि पीडीएफ नागपूरच्या छापखान्याला पाठवायची. ज्या कामाला पूर्वी चित्रकार, ब्लॉकमेकर आणि छापखान्यातला जाणता माणूस लागे, ते तासाभरात उरकते. याचे मला वाईट वाटत नाही. संग्रह छापण्यापुरतेच पैसे गाठीला असलेल्या कवीला या साधनांनी नीटनेटके मुखपृष्ठ मिळवून दिले आहे. पण पुस्तकावर किंमत छापून ते विकायला ठेवले की एक प्रश्न उभा राहतो आणि तो दुकानात सहसा कोणी विचारत नाही. या चित्रावर, या अक्षरांवर, या नमुन्यावर हक्क कोणाचा, आणि त्याने आपल्याला नेमके काय करू दिले आहे?

विचारलेच, तर दोन ठरलेली उत्तरे येतात. ‘नेटवर होते’ हे एक आणि ‘आपण पैसे भरलेत’ हे दुसरे. पुढची सगळी पाने ही दोन उत्तरे अपुरी का आहेत, ते समजून घेण्यासाठी आहेत. नेटवर दिसणे म्हणजे मोकळे असणे नव्हे आणि पैसे भरणे म्हणजे मालक होणे नव्हे. संत्र्याच्या या मुलखात दुसरी गोष्ट समजावून सांगावी लागू नये. व्यापारी बागेचा आंबिया बहार विकत घेतो तेव्हा त्या हंगामाची फळे त्याची होतात. झाडे शेतकऱ्याचीच राहतात, पुढच्या मृगाच्या बहाराचा सौदा वेगळा होतो, आणि विहिरीवर व्यापाऱ्याचा हक्क कधीच नसतो. चित्राचा परवाना हा असाच बहाराचा सौदा आहे. कोणते फळ, किती, कुठल्या बाजारात, किती दिवस, हे ठरलेले असते. ते न वाचता बाग आपली समजून वागलो की भांडण होते.

हा विषय पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांसाठी जितका महत्त्वाचा, त्याहून इथे अधिक आहे, असे मला वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णाही राहिले. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कचेरीचा कागद हिंदीत, घरातले बोलणे मराठीत आणि पुस्तकाची छपाई नागपुरात, अशी इथली विभागणी आहे. इथला लेखक बहुधा स्वतःच प्रकाशक असतो. त्याच्यामागे मोठ्या प्रकाशनसंस्थेचा वकील नसतो, करारांचा विभाग नसतो, हक्कांची नोंदवही नसते. मुखपृष्ठाबद्दल उद्या कोणी नोटीस पाठवली तर उत्तर त्यालाच द्यावे लागते, आणि छापलेल्या तीनशे-पाचशे प्रती गोदामात अडकल्या तर तेवढीच त्याची आयुष्यभराची आवृत्ती असते.

शिवाय इथले पुस्तक हे इथल्या मराठीचा पुरावा असते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत त्याची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि कायद्याने ठरवलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवायची असते. स्वतःच प्रकाशक झालेल्या लेखकालाही हे लागू आहे. म्हणजे सौंसरच्या एखाद्या शिक्षकाचा कथासंग्रह शंभर वर्षांनंतर कोणी मागितला, तर तो मुखपृष्ठासह समोर येणार. त्या मुखपृष्ठावर परक्या मुलखातला बर्फाचा डोंगर असावा की सातपुडा, आणि त्या चित्राचा हक्क स्वच्छ असावा की उसना, हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. परवान्यांचा विचार करू लागलो की ते एकमेकांत मिसळतात.

कायद्याचा पाया आधी पाहू. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा चालतो. चित्र, छायाचित्र, रेखाटन ही सगळी त्याच्या लेखी कलाकृती आहेत आणि त्यांचा हक्क निर्माण झाल्या क्षणी निर्मात्याला मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. चित्राखाली गोलातला ‘सी’ नसला, नाव नसले, तरी हक्क असतोच. निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे तो टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती, १९९२ मध्ये ती वाढवण्यात आली.

हा हिशेब कोरडा वाटतो, पण मराठी मुखपृष्ठांना लावून पाहिला की जिवंत होतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांची मूळ चित्रे कधीच मोकळी झाली. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांची मुदत २००४ अखेर संपली. पण दीनानाथ दलाल गेले १९७१ मध्ये, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत जिवंत आहे. जुन्या दिवाळी अंकावरचे दलालांचे चित्र कोणीतरी स्कॅन करून नेटवर ठेवलेले दिसते, ते ‘जुने’ असते, सुंदर असते आणि लावणीसंग्रहाच्या मुखपृष्ठावर शोभूनही दिसते. तरीही ते मोकळे नाही. रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवतांच्या चित्रांचेही तेच. ते १९७६ मध्ये गेले, म्हणून २०३६ अखेरपर्यंत थांबायला हवे किंवा परवानगी मिळवायला हवी. भजनाच्या पुस्तिकांवर ही चित्रे किती सहज येतात, हे या भागात राहणाऱ्याला सांगायला नको.

भजनाच्या पुस्तिकांवरून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची आठवण होणे अपरिहार्य आहे. गुरुकुंज मोझरीचा प्रभाव सातपुड्याच्या या उतारापर्यंत खोल आहे आणि महाराजांचे छायाचित्र नसलेली सामुदायिक प्रार्थनेची पुस्तिका विरळाच. महाराज १९६८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. मात्र मुखपृष्ठावरचे छायाचित्र हा निराळा हक्क आहे आणि तो महाराजांचा नसून छायाचित्रकाराचा किंवा ज्याने ते काढून घेतले त्याचा. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रसिद्धीपासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीने ती छायाचित्रकाराच्या आयुष्याला जोडली गेली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की १९५१ अखेरपर्यंत छापून प्रसिद्ध झालेले छायाचित्र नव्या नियमाच्या आधीच मोकळे झाले होते. त्यानंतरच्या छायाचित्राबाबत मूळ छायाचित्रकार कोण, हे शोधणे आले. भक्तीच्या कामात हक्काचा हिशेब कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्याने ते छायाचित्र काढले त्याचे नाव आपल्याला माहीत असावे, ही अपेक्षा भक्तीला कमीपणा आणणारी नाही.

आता ऑनलाइन साधनांकडे येऊ. कॅनव्हा ही ऑस्ट्रेलियातली कंपनी, तिचे साधन २०१३ मध्ये लोकांपुढे आले. त्यात फुकट सामग्री असते आणि पैसे भरणाऱ्यांसाठी ‘प्रो’ सामग्री असते. दोन्ही वापरून केलेले मुखपृष्ठ विक्रीच्या पुस्तकावर छापता येते. इथपर्यंत सगळे खुश असतात. अटी पुढे आहेत. संग्रहातले चित्र काहीही न करता जसेच्या तसे विकता येत नाही. म्हणजे ते चित्र मुखपृष्ठाचा भाग म्हणून चालते, पण तेच नुसते पोस्टर करून विकले तर चालत नाही. प्रो सामग्रीचा परवाना एका रचनेपुरता असतो. कवितासंग्रहासाठी वापरलेले पळसाचे चित्र पुढच्या कादंबरीला हवे असेल तर तो नवा वापर ठरतो. वर्गणी चालू असताना याची जाणीव होत नाही, वर्गणी संपल्यावर जुन्या फाइलमधून चित्र कापून नव्या मुखपृष्ठात टाकले की मात्र परवाना उरलेला नसतो. संग्रहातली चित्रे व्यापारचिन्हात वापरता येत नाहीत. इथले बरेच लेखक आपल्या घरगुती प्रकाशनाचे बोधचिन्ह याच साधनात पाच मिनिटांत करतात. दिवा, मोरपीस, उघडे पुस्तक. ते चिन्ह उद्या आपल्या नावे नोंदवता येणार नाही, कारण तोच दिवा जगभरातल्या आणखी कितीतरी जणांनी घेतलेला असतो. प्रकाशनाचे चिन्ह तरी हाताने काढून घ्यावे, एवढा माझा आग्रह आहे.

फुकट खात्यात प्रो चित्र टाकले की त्यावर पुसट जलचिन्ह दिसते. ते टाळण्यासाठी पडद्याचा फोटो काढून चिन्ह कापण्याची युक्ती सर्रास चालते. टेलिग्रामवर स्वस्तात वाटली जाणारी सामायिक खाती हा दुसरा प्रकार. एका माणसाच्या किंवा संस्थेच्या नावावरचे खाते पन्नास अनोळखी जण वापरतात आणि प्रत्येकाला वाटते, आपण पैसे दिलेत. पैसे दिलेले असतात, पण हक्क नसलेल्याला दिलेले असतात. शाळेसाठी मिळालेले मोफत खातेही शाळेच्या कामापुरतेच आहे असे धरून चालावे. गुरुजींनी त्यावर स्वतःच्या कादंबरीचे मुखपृष्ठ करू नये.

पिक्साबे, पेक्सेल्स, अनस्प्लॅश या फुकट छायाचित्रांच्या संग्रहांबद्दल एक गैरसमज खोल रुजला आहे. सुरुवातीला या संग्रहांतली छायाचित्रे ‘सीसी झिरो’ या घोषणेखाली होती, म्हणजे निर्मात्याने सगळे हक्क सोडून दिलेले. अनस्प्लॅशने जून २०१७ मध्ये आणि पिक्साबेने जानेवारी २०१९ मध्ये ती पद्धत बंद करून स्वतःचा परवाना आणला. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला तो अजूनही उदार आहे, श्रेय देण्याची सक्ती नाही. पण आता ती सामग्री मोकळी नाही, अटींवर दिलेली आहे. पेक्सेल्स आणि पिक्साबेच्या अटींत एक महत्त्वाची गोष्ट आहे. छायाचित्रात ओळखू येणारी माणसे असतील तर ती वाईट किंवा लाजिरवाण्या प्रकाशात दाखवता येत नाहीत. फ्रीपिकची तऱ्हा आणखी वेगळी, फुकट घेतले तर श्रेय छापावे लागते. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉकच्या साध्या परवान्यात ५ लाख छापील प्रतींची मर्यादा असते. आपल्याकडच्या पुस्तकांना ती कधीच आड येणार नाही, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने मात्र नीट समजून घ्यावेत, कारण विकिपीडियाशी जोडलेल्या कॉमन्स संग्रहात आपल्या भागाची छायाचित्रे याच परवान्यांखाली मिळतात. २००२ पासून हे परवाने वापरात आहेत. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे त्यावरून नवे काही घडवले तर तेही याच अटीवर मोकळे ठेवा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, आणि किंमत छापलेले पुस्तक, तोट्यात विकले तरी, त्यातून सुटेल असे समजू नये. ‘एनडी’ म्हणजे बदल नको, तेव्हा चित्र कापून, रंग पालटून, अर्धे झाकून मुखपृष्ठ करणे धोक्याचे. श्रेय म्हणजे ‘साभार: इंटरनेट’ नव्हे. छायाचित्रकाराचे नाव, परवान्याचे नाव आणि कुठून घेतले ते, एवढे तरी श्रेयपानावर हवे.

गोटमारीचे उदाहरण घेतो, कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पळस रोवला जातो आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. या भागावर कादंबरी लिहिणाऱ्याला मुखपृष्ठासाठी तेच दृश्य हवेसे वाटते. शोधले तर वृत्तपत्रांची आणि वृत्तसंस्थांची छायाचित्रे भरभरून मिळतात. ती बातमीसाठी काढलेली असतात. विक्रीच्या संग्रहात असली तर बहुधा ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ अशी खूण असते, म्हणजे घटनेचे वृत्त देताना चालतील, काल्पनिक कादंबरी खपवण्यासाठी नाहीत. त्यापलीकडे छायाचित्रातल्या माणसांचा प्रश्न आहे. डोक्यातून रक्त वाहणारा तरुण कोणाचा तरी मुलगा आहे, पांढुर्ण्यात त्याला ओळखणारे शेकडो आहेत. छायाचित्रकाराने परवाना दिला तरी त्या तरुणाची संमती त्यात येत नाही.

२००७ मध्ये व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियातल्या जाहिरातीत नेमके हेच झाले होते. फ्लिकरवर श्रेयाच्या अटीवर मोकळे ठेवलेले एका अमेरिकन किशोरीचे छायाचित्र जाहिरातीत वापरले गेले, छायाचित्रकाराचा परवाना होता, मुलीची संमती नव्हती. तिच्या घरच्यांनी अमेरिकेत दावा लावला. तो तिथल्या न्यायालयाच्या अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. दाव्याचे काही होवो, छायाचित्राचा परवाना आणि चेहऱ्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या प्रकरणाने सगळ्यांना शिकवले. गोटमारीच्या कादंबरीला पळसाच्या फांद्या, रिकामे पात्र, काठावरचे दगड एवढे पुरेसे आहे. मला तर ते जखमी चेहऱ्यापेक्षा अधिक बोलके वाटते.

देवळांच्या बाबतीत कायदा उदार आहे. जामसावळीच्या निजलेल्या हनुमंताचे पुस्तक काढणाऱ्याने स्वतः छायाचित्र काढावे, देवस्थानाचे नियम पाळावेत आणि निर्धास्त छापावे. कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार इमारतीचे, तसेच लोकांना जाता येते अशा ठिकाणी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे हा भंग नाही. रंगवलेल्या भिंतीला मात्र ही सूट नाही. मंदिराच्या सभामंडपातले हयात चित्रकाराने रंगवलेले रामायणाचे चित्र मुखपृष्ठावर घ्यायचे तर त्याला विचारायला हवे.

अक्षरांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मुखपृष्ठाचे निम्मे रूप पुस्तकाच्या नावाच्या अक्षरांत असते, आणि टंकालाही परवाना असतो. मध्य प्रदेशातल्या टायपिंगच्या दुकानांत कृतिदेव रुळलेला आहे, नागपूरकडे श्रीलिपी. संगणकावर आधीपासून असलेला टंक कुठून आला, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. याला सोपा आणि मानाचा मार्ग उपलब्ध आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेले मुक्ता आणि बलू, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि कलम, हे देवनागरी टंक ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली मिळतात. ते विक्रीच्या पुस्तकावर, जाहिरातीवर, बोधचिन्हात वापरता येतात, श्रेयाची सक्ती नाही, फक्त टंकाची फाइल सुटी विकता येत नाही. चांगले काम मोकळेपणाने देणाऱ्या या लोकांचे नाव श्रेयपानावर छापण्याची सक्ती नसली तरी छापावे, असे मला वाटते. जाता जाता एक सुचवतो. टंक निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते पाहा. हिंदी राज्यात राहून मराठीत लिहिणाऱ्याच्या पुस्तकाने निदान नावापुरते तरी आपले वळण राखावे.

आता माणसाकडून मुखपृष्ठ करून घेण्याविषयी, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे आणि तो परक्या कंपनीशी नसून ओळखीच्या माणसाशी होतो. कायद्याचे १७ वे कलम सांगते, की मोबदला देऊन खास काढून घेतलेले छायाचित्र किंवा रंगचित्र, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचे होते. नोकरीत केलेले काम मालकाचे. पण संगणकावर केलेली मुखपृष्ठाची मांडणी त्या यादीत स्पष्टपणे येत नाही, आणि आधीच काढलेले चित्र तुम्ही फक्त वापरायला घेतले असेल तर ते तर मुळीच येत नाही. तिथे हक्क चित्रकाराचाच राहतो आणि लेखी करारानेच तुमच्याकडे येतो.

हा करार १९ व्या कलमात बसतो, आणि तेच कलम ३०-अ मधून परवान्यांनाही लागते. हे कलम प्रत्येक लेखकाने एकदा वाचावे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात तसे काही ठरलेले नसेल, तर तो परत जातो. ‘मुखपृष्ठाचे पैसे मिळाले’ एवढ्याच पावतीवर काम भागवणाऱ्याची अडचण इथे उघड होते. सहा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढली तर परवाना संपलेला असू शकतो. किंडलने २०१६ च्या अखेरीस मराठी ई-पुस्तके घ्यायला सुरुवात केली. सौंसरचा मुलगा न्यू जर्सीत बसून वडिलांचा संग्रह विकत घेऊ शकतो, पण मुखपृष्ठाचा हक्क भारतापुरताच असेल तर तीच विक्री हक्काबाहेरची ठरते. चार ओळींचा कागद हे सगळे मिटवतो: कोणते चित्र, छापील आणि ई-पुस्तक दोन्हींसाठी, जगभर, इतकी वर्षे, इतक्या रकमेला, आणि चित्रकाराचे नाव अमुक ठिकाणी छापले जाईल. खाली दोघांच्या सह्या.

चित्रकाराचे नाव ही मेहेरबानी नव्हे. ५७ व्या कलमाने निर्मात्याला त्याच्या नावाचा आणि कृतीची विटंबना होऊ न देण्याचा हक्क दिला आहे, आणि हक्क विकल्यावरही तो त्याच्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प काढून टाकले गेले, त्यावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला आणि कृतीचे अवशेष कलावंताला परत करायला लावले. मुखपृष्ठावर पट्टी टाकून चित्रकाराची सही झाकणाऱ्यांनी हे प्रकरण आठवावे.

संगणकाला सांगून चित्र काढून घेण्याची नवी सोय आली आहे. आपल्या कायद्यात संगणकाने निर्मिलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, अशी जुनी तरतूद आहे, पण ती या यंत्रांच्या आधीच्या काळातली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेतल्या मिडजर्नीने काढलेल्या प्रतिमांना संरक्षण नाकारले, मजकूर आणि मांडणी यांना दिले. म्हणजे अशा मुखपृष्ठाची कोणी नक्कल केली तर तक्रारीला जागा राहील की नाही, याची खात्री नाही. किंडलवर पुस्तक टाकताना मुखपृष्ठ यंत्राने केले असल्यास तसे कळवणे सप्टेंबर २०२३ पासून सक्तीचे आहे. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. या यंत्राला सातपुड्यातले गाव सांगितले की ते कुठलेच नसलेले गाव काढते.

तयार साधनांतल्या ‘भारतीय लोककला’ या खणाबद्दलही हेच. मराठी पुस्तक म्हटले की त्यात वारली आकृत्या येतात. वारली पालघर-डहाणूकडची, तिला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. छिंदवाड्याच्या डोंगरात गोंड समाज आहे, आणि मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांनाही २०२३ मध्ये मानांकन मिळाले. त्या शैलीला जगापुढे नेणारे जनगढ सिंह श्याम २००१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. आदिवासी कला म्हणजे बेवारस माल, ही समजूत आपण पुस्तकवाल्यांनी तरी सोडायला हवी. सौंसर तहसिलीतल्या पारडसिंगा गावात श्वेता भट्टड आणि त्यांच्या सोबत्यांचे ग्राम आर्ट प्रोजेक्ट गावकऱ्यांना घेऊन बियांच्या राख्या आणि बियांचा कागद करते. कला दूरच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायची वस्तू आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा तिथे जाऊन यावे.

शिक्षेचे भय दाखवून पुस्तक लिहिणे मला पसंत नाही, पण माहिती लपवणेही नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगाला ६३ व्या कलमाखाली ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, भंग व्यापारी फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून ही शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. अजाणता चूक झाली असेल तर ५५ व्या कलमात दिलासा आहे, पण आपल्याला संशय यायला कारण नव्हते हे दाखवावे लागते. ‘नेटवर होते’ हे तसे कारण होऊ शकत नाही. उलट, मोठ्या कंपनीचे पत्र आले म्हणून लगेच पैसेही भरू नयेत. अमेरिकन छायाचित्रकार कॅरोल हायस्मिथ यांनी आपली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला जनतेसाठी दिली होती. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्याच संकेतस्थळावरच्या त्यांच्याच एका छायाचित्रासाठी त्यांना १२० डॉलरची मागणी आली. मागणी करणाऱ्याकडे हक्क आहे का, हे विचारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे कागद हवा.

म्हणून प्रत्येक पुस्तकामागे एक फाइल ठेवावी. चित्र जिथून घेतले त्या पानाची प्रत, त्या दिवशीच्या अटींची तारखेसह प्रत, वर्गणीची पावती, खाते कोणाच्या नावावर होते त्याची नोंद, टंकाचे नाव आणि त्याचा परवाना, चित्रकाराशी झालेला चार ओळींचा कागद, छायाचित्रात माणूस असेल तर त्याची लेखी संमती. कंपन्या अटी बदलतात, संकेतस्थळे बंद पडतात, डीटीपीचे दुकान हात बदलते. फाइल लेखकाकडेच असावी, दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर नव्हे. दुकानदारांनाही विनंती आहे, की बिलात ‘मुखपृष्ठ’ एवढेच न लिहिता कोणत्या साधनात आणि कोणत्या खात्यातून ते केले, तेही लिहावे. पुढच्या प्रकरणांत एकेका साधनाच्या अटी मराठीत सोप्या करून दिल्या आहेत आणि शेवटी चित्रकार, छायाचित्रकार आणि छायाचित्रातील व्यक्ती यांच्यासाठी कराराचे तीन नमुने आहेत. त्यातले कोरे रकाने शाईने भरावेत आणि प्रत छापायला देण्याच्या आधी भरावेत.